तीन किलो ज्वारी

आमच्या घरात वस्तू विकत घेण्याची एक रीत आहे. ती आम्ही मुद्दाम ठरवली नाही. मध्यमवर्गीय घरांत अशा रीती आपोआप पडतात, जुन्या भिंतीला पोपडे धरावेत तशा. एखादी वस्तू घ्यायची असे निघाले की प्रथम ती न घेता कसे भागेल, याचा विचार होतो. तो आठपंधरा दिवस चालतो. भागत नाही असे ठरले की चौकशी सुरू होते. शिक्षकांच्या खोलीत, न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत. जिथे म्हणून ती वस्तू बाळगून असलेला माणूस भेटेल तिथे त्याला छेडले जाते. मग एक वही घातली जाते. मग दुकानात जाऊन नुसती किंमत विचारून परत येण्याचा कार्यक्रम होतो, आणि अखेर ‘दिवाळीनंतर बघू’ या वाक्याने प्रकरणावर पडदा पडतो. आमचा मिक्सर अशा तीन दिवाळ्या ओलांडून घरात आला.

या रीतीचा जनक मी आहे, असा सौभाग्यवतींचा आरोप आहे. आणि तो खरा आहे.

म्हणूनच २०२५ सालच्या मे महिन्यात एका रात्री थोरल्याचा फोन आला, आणि तो म्हणाला, “बाबा, एक लॅपटॉप घ्यायचाय. गेमिंगचा. दौऱ्यावर बरोबर न्यायला. तुम्ही जरा चौकशी कराल का?” तेव्हा वास्तविक मला आनंद व्हायला हवा होता. चौकशी हा माझा प्रांत! पण मी क्षणभर गप्पच राहिलो. पलीकडे तोही गप्प होता. त्या गप्प राहण्याचे कारण सांगायचे, तर मला दोन वर्षे मागे जायला हवे.

२०२३ साली तो बारावीला होता. घरात एक संगणक होता. तो त्यानेच जुन्या बाजारातले सुटे भाग आणून, दोन सुट्ट्या खर्ची घालून जुळवलेला. त्याच्यापुढे बसून तो अभ्यास करी असे तो म्हणे, आणि खेळत असे असे मला दिसे. जानेवारीतल्या एका संध्याकाळी माझा तोल सुटला. मी ओरडलो नाही, हातही उगारला नाही. त्या संगणकाला वीज नेणारी काळी वायर तेवढी काढली, तिची नीट गुंडाळी केली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतल्या कपाटात, नकाशांच्या मागे ठेवून दिली. परीक्षा संपेपर्यंत ती तिथेच होती.

त्याने ती एकदाही मागितली नाही. पुढे मला कळले की तशी वायर बाजारात दीड-दोनशे रुपयांना कुठेही मिळते. त्याला ते तेव्हाही ठाऊक होते. तरी त्याने दुसरी आणली नाही. परीक्षा झाल्यावर मी ती वायर मुकाट्याने टेबलावर ठेवली, त्याने ती मुकाट्याने उचलली. बारावी झाली, गुणही बरे पडले; पण आमच्या दोघांमधले बोलणे कुठल्याशा नकाशामागे राहून गेले ते राहूनच गेले. पुढे तो पुण्याला एका नाटकमंडळीत ध्वनी आणि प्रकाशाच्या कामाला लागला. सांगलीच्या मुलाने नाटकात जावे यात नवल नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच ‘सीतास्वयंवर’ रंगवले तेव्हापासून आमच्या गावाला ती बाधा आहे. पण त्याचे फोन आईला येत. माझ्या वाट्याला ‘जेवलास का?’ आणि ‘हो’, एवढेच.

आणि आता तो मला विचारत होता!

“तू स्वतः त्यातला माहीतगार,” मी म्हटले, “मला कशाला विचारतोस?”

“यंत्रातलं मला कळतं, बाबा. पण वस्तू घेताना तुमच्याइतका विचार कुणी करत नाही. माझे साठ-सत्तर हजार साठलेत. ते चुकीच्या वस्तूत जायला नकोत.”

मी दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली.

प्रथम मी माझ्या मनाची समजूत घालू पाहिली. म्हटले, नाटकाच्या पार्श्वसंगीतासाठी, प्रकाशयोजनेसाठी त्याला यंत्र हवे असेल. खेळ आपला जोडीला. तसे मी त्याला विचारलेही. त्याने सरळ सांगितले, “नाही हो बाबा. मंडळीचा लॅपटॉप वेगळा आहे. मला हा खेळायलाच हवाय.” शिक्षकाला आवडावे असे हे उत्तर नव्हे, पण वर्गात एखादा मुलगा ‘सर, गृहपाठ विसरलो नाही, केलाच नाही’ असे सांगतो, तेव्हा जसा मनातल्या मनात राग पातळ होतो, तसे काहीसे झाले.

मग अभ्यास. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला माणूस. त्या शब्दांच्या रानात शिरलो तेव्हा सुरुवातीला पायवाटसुद्धा दिसेना. पण हळूहळू ध्यानात आले की हे सगळे नाटकच आहे. प्रोसेसर हा दिग्दर्शक. सगळे हिशेब त्याच्या डोक्यात. रॅम म्हणजे रंगमंच. तो जेवढा रुंद तेवढी माणसे एका वेळी वावरणार. साठवणीची जागा म्हणजे मागची सामानाची खोली. आणि ग्राफिक्स कार्ड हा नेपथ्यकार. साध्या लॅपटॉपमध्ये दिग्दर्शकच वेळ काढून पडदे रंगवतो. गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये त्यासाठी स्वतंत्र नेपथ्यकार नेमलेला असतो, आणि त्याला स्वतःची रंगांची खोली दिलेली असते. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. या लॅपटॉपांचे पडदे सेकंदाला १४४ चित्रे दाखवू शकतात. आणि त्यातले प्रत्येक चित्र, खेळणारा इकडे वळला की तिकडे, हे पाहून त्या क्षणी नव्याने रंगवायचे असते. एवढ्या घाईत काम करणारा माणूस तापणारच! म्हणून आत पंखे, आणि म्हणून वजन.

वजनाचे मला तेव्हा काहीच वाटले नाही. मी वहीत रकाने पाडले होते. त्या सुमारास बाजारात दोन पिढ्या शेजारी शेजारी नांदत होत्या. ५० क्रमांकाच्या मालिकेची ग्राफिक्स कार्डे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली होती, आणि २०२३ सालची ४० क्रमांकाची मालिका धाकट्या जावेसाठी स्वयंपाकघर मोकळे करू लागली होती. लॅपटॉपमधले आरटीएक्स ४०५० घेतले तर रंगांची खोली ६ जीबीची. ४०६० घेतले तर ८ जीबीची. साठ हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत किमती पसरलेल्या. मी सर्वांत भारी रकान्याला लाल पेन्सिलीने खूण केली. त्याचे सत्तर हजार, वर माझे चाळीस. एका कादंबरीचे मानधन बँकेत पडून होते. मराठी कादंबरीकाराच्या मानधनाला इतका मोठा बाजार पाहण्याचे भाग्य वारंवार लाभत नाही. मोठा पडदा, मोठे कार्ड, मोठी बॅटरी. मनात म्हटले, एक वायर काढून घेतली होती ना? आता सबंध यंत्र देऊ!

सौभाग्यवतींनी वही शेवटपर्यंत वाचली. त्या वाचताना ओठ हलवीत नाहीत, त्यामुळे काय वाटते आहे ते कळत नाही. शेवटी एवढेच म्हणाल्या, “अहो, याचं वजन किती?”

“अडीच किलोंच्या आसपास. आणि चार्जर वेगळा. तो विटेएवढा असतो. अर्धा-पाऊण किलो धरा.”

त्या उठल्या. फळीवरून थोरल्याची जुनी सॅक काढली. डब्यातली ज्वारी काट्यावर जोखली, तीन किलो आणि वर एक ओंजळ. ती पिशवीत बांधून सॅकमध्ये टाकली. वर दोन शर्ट, एक पँट, टॉवेल, पाण्याची बाटली, आणि त्याचे ते दिव्यांच्या कामाचे पक्कड-पाने असतात म्हणून किलोभराचा बत्ता. मग सॅक माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, “ही पाठीला लावा आणि स्टँडपर्यंत जाऊन या. रिक्षा करायची नाही. तो करत नाही.”

मे महिन्याची दुपार. आमच्या गावभागातून एस. टी. स्टँड काही फार लांब नाही. पण त्या दिवशी सांगलीचे रस्ते कुणीतरी ताणून लांब केले असावेत. जाताना ओळखीचे दोघे भेटले. “कुठे, गावाला का?” “नाही, ज्वारी फिरवून आणतो,” असे सांगण्याची सोय नव्हती. परत आलो तेव्हा पट्ट्यांचे वळ खांद्यांवर उमटले होते. सौ.नी पन्हे पुढे केले आणि विचारले, “कसा वाटला तुमचा लॅपटॉप?”

त्या संध्याकाळी मला माळ्यावरची पेटी आठवली. माझ्या आजोबांची. ते भजनी मंडळात वाजवीत, आणि आषाढात पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडत. परदेशातून हे वाद्य आपल्याकडे आले तेव्हा ते पायांनी भाता हाणण्याचे होते. खुर्चीवर बसून वाजवायचे, टेबलाएवढे धूड. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास त्याचे पाय काढले, भाता मागे घेतला, तो हाताने हलवण्याची सोय केली. आणि पेटी जमिनीवर बसली. ती जमिनीवर बसली म्हणून तर हिंडू लागली! यात गेले काय? एक हात भात्यात अडकला. दोन्ही हातांनी वाजवायची चैन गेली. पण आपल्या गाण्याला एका हाताचे सूर पुरत होते. ज्याने पाय कापले त्याला आधी हे कळले असले पाहिजे की कशावाचून अडते आणि कशावाचून अडत नाही.

प्रवासाच्या वस्तूचा सगळा प्रश्न इथे आहे. १९८१ साली ऑस्बोर्न नावाचा संगणक ‘सुवाह्य’ म्हणून विकला गेला. त्याचे वजन ११ किलो होते, आणि आत बॅटरीसुद्धा नव्हती. मूठ बसवली की वस्तू प्रवासी होत नाही. माझ्या वहीतही मी नुसती मूठच बसवली होती. यंत्र काय काय करू शकते, याचे रकाने मी भरले होते. मुलगा काय करतो, याचा रकाना कोरा होता.

त्या रात्री मी त्याला फोन केला. ‘जेवलास का’ हे विचारायचे राहून गेले. एकदम म्हटले, “तू खेळतोस कुठे? किती वाजता? बसायला काय असते?”

तो हसला, पण मग सांगत राहिला. प्रयोग संपून दिवे उतरवेपर्यंत मध्यरात्र होते. मग बस. बसमध्ये मोबाइलपुरती वीज मिळते, पण खड्ड्यांत कसला खेळ! नागपूरसारखा लांबचा दौरा असला तर आगगाडी. डब्यातली सोय मोबाइलपुरतीच, आणि आगीच्या भीतीने रेल्वेने २०२१ साली ठरवल्याप्रमाणे रात्री अकरा ते पहाटे पाच तीही बंद. लॉजमध्ये एका खोलीत तिघे. भिंतीला एकच भोक, तेही आरशाशेजारी. खाट दुसऱ्या टोकाला. खिडकीतून ऊन येते, त्यात फिका पडदा दिसत नाही. बाकीचे दोघे रात्रीचे जागलेले म्हणून दुपारी झोपतात, तेव्हा पंख्याचा आवाज नको. खेळायला वेळ मिळतो तो दुपारी साडेतीन ते साडेपाच. त्यानंतर नाट्यगृहावर जायचे.

“साडेतीनलाच का रे?”

जरा वेळ गेला. मग तो म्हणाला, “तेव्हा ती शाळेतून येते ना.”

ती म्हणजे आमची धाकटी. वय वर्षे तेरा. मी तिला जाऊन विचारले, तेव्हा तिने अगदी सहज सांगितले. २०२१ साली ‘इट टेक्स टू’ नावाचा एक खेळ आला. तो एकट्याने खेळताच येत नाही; दोन माणसे लागतातच. घटस्फोटाच्या उंबरठ्यावर आलेले एक जोडपे, त्यांच्या मुलीच्या आसवांनी दोघांचे बाहुले होतात, आणि एकाने दोर धरल्याशिवाय दुसऱ्याला खड्डा ओलांडता येत नाही, असे सगळे. थोरला आणि धाकटी त्या जुळवलेल्या संगणकावर तो खेळ खेळत असत. मार्च २०२५ मध्ये त्याच मंडळींचा ‘स्प्लिट फिक्शन’ आला. तोही दोघांचाच. त्यात दोन लेखिका आहेत, आणि त्यांचा प्रकाशक एका यंत्राने त्यांच्या कल्पना चोरू पाहतो. हे ऐकल्यावर एक कादंबरीकार म्हणून त्या खेळाबद्दल माझ्या मनात एकाएकी आदर उत्पन्न झाला, हे कबूल केले पाहिजे. मौजेची गोष्ट अशी की दोघांपैकी एकाने विकत घेतला तरी दुसऱ्याला तो फुकट खेळता येतो, आणि दोघे दोन गावांत असले तरी चालते. इथे जुना संगणक तो कसाबसा ओढतो. प्रश्न फक्त त्या दुसऱ्या टोकाचा होता.

“तुम्ही वायर नेली होती ना बाबा,” धाकटी वेणी घालता घालता म्हणाली, “तेव्हा आमची शेवटची पातळी राहिली होती. दादा म्हणाला, थांब, बाबांना परत ठेवू देत.”

ती त्या वेळी अकरा वर्षांची होती. वायर मी एकट्या थोरल्याची नेली, असे दोन वर्षे समजत होतो. दुसरे टोक कुणाच्या हातात होते, ते मी पाहिलेच नव्हते.

मी आत जाऊन वहीची ती पाने फाडली आणि नव्याने लिहायला बसलो.

आता हिशेब सोपा होता. शाळेतला, हौद आणि तोट्यांचा. बॅटरी म्हणजे हौद. तो वॅट-तासांत मोजतात. मधल्या किमतीच्या लॅपटॉपमध्ये तो पन्नास-साठ वॅट-तासांचा असतो. नुसते लिहायचे असेल तर दहा-बारा वॅटची तोटी पुरते. साठाचा हौद पाच तास टिकतो. पण खेळ सुरू झाला की तोटी साठ-सत्तर वॅटची होते, आणि हौद तासाभरात कोरडा! हौद वाटेल तेवढा मोठाही करता येत नाही. विमानात परवानगीवाचून १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून बनवणारेही त्या रेषेच्या आत राहतात. उद्या मंडळी महाराष्ट्र मंडळाच्या बोलावण्यावरून दुबईला निघाली, तर तेही पाहायला हवे. तेव्हा धावत्या बसमध्ये चार तास खेळू, ही कल्पनाच सोडून द्यायची. खेळायचे ते भिंतीतल्या विजेवर. बॅटरी फक्त लिहिण्या-पाहण्यासाठी आणि वीज गेली तर खेळ जतन करण्यापुरती. हे एकदा मान्य केले की मोठ्या बॅटरीचे पैसे आणि वजन दोन्ही वाचतात.

दुसरी गोष्ट नावाची. ४०५० हे एकच नाव असले तरी ते कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज खाणारे असू शकते. बनवणारा आपल्या पेटीत मावेल तसे ते बसवतो. एकाच नावाचे दोन नट, एक तालमीत पोटभर जेवलेला आणि एक उपाशी! म्हणून नुसते नाव न वाचता वॅट विचारायचे. ज्याला घरी बसून भारी खेळ खेळायचेत त्याने जास्त वॅट घ्यावेत. ज्याला हिंडायचे आहे त्याला मधले बरे, कारण जेवढी वीज तेवढी उष्णता, जेवढी उष्णता तेवढे पंखे, आणि जेवढे पंखे तेवढा शेजारच्या खाटेवरून येणारा शिव्यांचा आवाज.

तिसरी गोष्ट चार्जरची. ती मला सर्वांत उशिरा कळली, पण खरी किल्ली तीच निघाली. बरोबर मिळणारी वीट १८०, २३० वॅटची असते. पण काही लॅपटॉप मोबाइलसारख्या टाइप-सी भोकातूनही वीज घेतात, १०० वॅटपर्यंत. पूर्ण ताकद येत नाही, पण चित्रे सेकंदाला साठावर बांधून ठेवली तर दोघांचा खेळ चालून जातो. मात्र भोक दिसले म्हणून वीज शिरते असे नाही. दोन सारख्या दिसणाऱ्या भोकांत एक नुसते निरोप नेणारे असते. पत्रक वाचून खात्री करावी लागते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसामुळे दौरे थंडावले तेव्हा, मी पुण्याला गेलो. आम्ही दोघे दुकानात शिरलो. विक्रेत्याने कौतुकाने एक यंत्र उघडले; कळांच्या खालून तांबडे, निळे, हिरवे दिवे पळू लागले, गणपतीच्या मांडवासारखे. मी थोरल्याकडे पाहिले. तो म्हणाला, “दिवे लावायचं काम मी करतो. लॅपटॉपने करायला नको.” विक्रेता जरा हिरमुसला.

मी वही काढली आणि एकेक प्रश्न विचारीत गेलो. वजन किती? चार्जरसकट सांगा. कार्ड किती वॅटचे? रॅम १६ जीबी आहे, पण वाढवायला मोकळी खाच आहे का? साठवण ५१२ जीबीची. एकेक खेळ शंभर जीबीला हात लावतो, तेव्हा पुढे दुसरी जोडता येईल का? पडद्याचा उजेड किती? २५० निट्‌सचा खिडकीशी फिका पडतो. ३००च्या खाली नको. टाइप-सीतून वीज शिरते ना? दाखवा. बिघडला तर दुरुस्ती करणारा जागेवर येतो, की यंत्र घेऊन आम्ही शहर शोधायचे? दौऱ्यावर असलेल्या माणसाला हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. अर्ध्या तासाने विक्रेत्याने माझ्यासाठी खुर्ची मागवली. थोरला बाजूला उभा राहून ओठ दाबून हसत होता. पण तो हसत होता माझ्याबरोबर, हे मला कळत होते.

अखेर एक पसंत पडला. ४०५०चा, दोन किलोंच्या आत-बाहेरचा, ७८,००० रुपयांना. नाव सांगत नाही. सांगितले तर जाहिरात होईल, आणि हा लेख तुमच्या हाती पडेपर्यंत बाजारात त्याचे नातू फिरत असतील. मी हळूच म्हटले, “वरचे मी घालतो. म्हणशील तर त्याच्या वरचाच घेऊ. पैसे आहेत.”

“नको बाबा,” तो म्हणाला. “मेमधले प्रयोग धरून माझे तेवढे जमलेत. मला पैसे नको होते. तुम्ही विचारायला हवे होतात.”

त्याला ‘दुकानदाराला’ म्हणायचे होते की ‘मला’, हे मी विचारले नाही.

पण मी रिकाम्या हाताने बाहेर पडलो नाही. शेजारच्या काउंटरवरून १०० वॅटचा एक छोटा चार्जर घेतला. गॅलियम नायट्राइड नावाच्या द्रव्यामुळे असे चार्जर आता मुठीत मावतात. आणि त्याला जोडायला वायर. तिथेही मी वही उघडली, कारण वायर या विषयात मी आता कच्चा राहणार नव्हतो. साधी टाइप-सी वायर ६० वॅटपर्यंतच नेते. शंभर न्यायचे तर पाच अँपियरची, आत ओळख पटवणारी चिप असलेली वायर लागते. ती मी दोन मीटर लांबीची मागितली, आरशापासून खाटेपर्यंत पुरेल अशी. सगळे मिळून तीन हजारांच्या घरात गेले. चाळीस हजारांचे प्रायश्चित्त करायला निघालेला माणूस तीन हजारांत सुटला!

थोरल्याने वायर हातात घेतली, उलटसुलट पाहिली, नीट गुंडाळी केली आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली. मग पिशवीतली ती विटेएवढी चार्जरची पेटी काढून माझ्या हातात दिली.

“ही घरी घेऊन जा. जुन्या संगणकाशेजारी लावून ठेवा. एवढं ओझं कोण नेतो! पूर्ण ताकदीने खेळायचं झालं तर घरी येऊनच खेळेन.”

परतीच्या एस. टी.त ती वीट माझ्या मांडीवर होती. पाऊण किलोसुद्धा नसेल. खांद्याला मुळीच जाणवली नाही.

हे लिहितो आहे ते गणपती नुकतेच पोचवून. दुपारी साडेतीन वाजले की आतल्या खोलीतून धाकटीचे ओरडणे ऐकू येते, “दादा, धर! अरे, दोर धर!” आणि कुठल्या तरी गावच्या लॉजवरून तो काहीतरी उत्तर देत असतो. परवा त्याला तालमीला जावे लागले, तेव्हा तिने त्याच्या जागी मला बसवले. मी पहिल्याच खड्ड्यात सात वेळा पडलो. “बाबा, नुसता विचार काय करताय? उडी मारायची असते!” असे ती म्हणाली. आमच्या घराण्याच्या रीतीवर एवढी नेमकी टीका आजवर कुणी केली नव्हती.

दिवाळीत त्याला दोन दिवसांची सुट्टी आहे. हा अंक तुमच्या हाती असेल तेव्हा तो घरी असेल. सौ.नी ती ज्वारी दळून आणली, तिच्या भाकरी केव्हाच संपल्या. वीट मात्र जागेवर आहे. बटण चालू आहे की नाही, ते मी रोज रात्री झोपण्यापूर्वी पाहतो. वास्तविक ते बंद ठेवायला हवे. वीज उगाच खर्च होते. पण असू दे.